साबण किती, पाणी किती

तिसरीतल्या माझ्या मुलीला सोमवारी वर्गात एक प्रयोग करून दाखवायचा होता. तिने साबणाचा फुगा निवडला. ओलं बोट आत घातलं तर फुगा टिकतो, कोरडं लागलं तर फुटतो. मला आनंद झाला, कारण ज्वालामुखी निवडला असता तर ओटा मलाच पुसावा लागला असता.

रविवारी दुपारी आमच्या मुलुंडच्या घरात ओट्यावर तयारी मांडली. भांडी घासायचा लिक्विड साबण एक वाटी, पाणी सहा वाट्या, दोन चमचे साखर आणि फुंकायला स्ट्रॉ. पहिला फुगा सुपारीएवढा होऊन फुटला. दुसऱ्याने तेवढीही तसदी घेतली नाही. साखर वाढवली, पंखा बंद केला. नवऱ्याने वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता पृष्ठताणावर चार वाक्यं ऐकवली, त्यांचाही उपयोग झाला नाही. मुलगी रडवेली झाली. उद्या सगळे हसणार, मी शाळेत जाणारच नाही, असं तिने जाहीर करून टाकलं.

मी नेहमीप्रमाणे गुन्हेगार शोधला. मोरीत मावशी दुपारची भांडी घासत होत्या. गेले कित्येक दिवस मी त्यांच्या मागे लागले होते, की ताटं तेलकट राहतात, कढईचं बूड तुम्ही बघता तरी का. त्या ऐकून घ्यायच्या आणि ताटं पुन्हा घासायच्या. आता मी त्यांना ऐकू जाईल अशा बेताने मुलीला म्हटलं, की साबणाच्या बाटलीत कोणीतरी पाणी घालत असणार.

मुलीला ‘कोण’शी काही देणंघेणं नव्हतं. तिला ‘किती’ हवं होतं, कारण वहीत प्रमाण लिहायचं होतं. पेन्सिल घेऊन ती घरभर फिरली. आधी सासूबाई. त्या मूळच्या मालवणच्या, काही वाया गेलेलं त्यांना बघवत नाही. “मी आपला इल्लासाच घालतंय,” त्या म्हणाल्या. खोदून विचारल्यावर तो थोडासा म्हणजे अर्धी बाटली निघाला. बाबांनी आपण त्या बाटलीला कधी हातही लावला नसल्याचं सांगितलं आणि त्यावर कोणीच शंका घेतली नाही. मग वही माझ्यासमोर आली.

“आई, तू किती घालतेस?”

नाही म्हणायला मी तोंड उघडलंही होतं. पण माझ्या थापेमुळे पोरीचा प्रयोग फसला असता. बाटली अर्धी झाली की मीही ती नळाखाली धरत होते, सासूबाईंच्या नकळत. एकाच घरात एकाच बाटलीवर आम्ही दोघी चोरून काटकसर करत होतो.

शेवटी मुलगी मोरीपाशी गेली. मावशींनी नळ बंद केला.

“मी नाय घातलं कधी,” त्या म्हणाल्या. “आधीच पातळ असतंय. म्हणून तर दोनदोनदा घासते.”

मला इतकी लाज वाटली, की मी घाईघाईने मोबाईल उचलून नवी बाटली मागवायला लागले. मावशींनी मला थांबवलं.

“कशाला वैनी? मागच्या चाळीत तर राहते. माझ्या घरची देते. तिच्यात पाणी नाय.”

पाच मिनिटांत त्या बाटली घेऊन आल्या आणि पुन्हा भांड्यांना लागल्या. मुलीने नवं मिश्रण केलं, फुंकलं, आणि ताटलीत नारळाएवढा फुगा उभा राहिला. कोणी श्वास घेईना. तिने मावशींना हाक मारली. त्या तशाच निथळत्या हातांनी आल्या आणि त्यांनी भीत भीत बोट आत घातलं. फुगा जागचा हलला नाही. मलाही राहवलं नाही, मी बोट पुढे केलं. फट्.

मुलीने दोन्ही निकाल नीट लिहून घेतले. सोमवारी वर्गात तिने ते मोठ्याने वाचून दाखवले. मावशींच्या बोटाने फुगा फुटला नाही, आईच्या बोटाने फुटला. कारण आईने हात ओले केले नव्हते.