विरी गेलेल्या पिठाची भाकरी

"अरे गाढवा, भाकरी थापतोयस की तिच्याशी भांडतोयस?"

आई खाटेवरून ओरडली. अर्धांगवायूने तिचा उजवा हात नेला, आवाजाला मात्र धक्का लावला नाही. लालबागच्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावरून तो आवाज सुटला की खाली उभ्या टॅक्सीचा हॉर्न आपोआप वाजायचा. खोटं वाटेल, पण टॅक्सीवाल्याने मला शपथेवर सांगितलंय.

दारात शेजारच्या मालवणी काकू पदर तोंडाशी धरून उभ्या. "अरे मेल्या, पीठ मळतंस की गोंजारतंस तेका?"

परातीत माझी चौथी भाकरी मोडून पडली होती. मुंबई मुळात सात बेटांची होती ना, अगदी तशी. मी मधल्या खाड्या ओल्या बोटांनी बुजवत होतो आणि बेटं आणखी लांब सरकत होती. नऊ वाजता उपासना, आणि घड्याळात सात.

आमच्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीत एक रीत आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीला, ज्वारीची भाकरी मोडतात, आणि ती आमच्या घरून जाते. तीस वर्षं आईने थापली. झटका आल्यावर दोन महिने बेकरीचा पाव आला. दोन्ही वेळा पाळकसाहेब तिचा वाटा घेऊन घरी आले आणि दोन्ही वेळा ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. "हाताने केली नाही, आता हात पसरू कुठल्या तोंडाने?" मला म्हणाली. अख्ख्या चाळीला जेवू घातलेली बाई, आणि देवाकडून एक तुकडा घ्यायला तयार नाही. ती आता कधीच घेणार नाही, अशी मला भीती वाटली. मग तिला न विचारता मी मंडळीत ठोकून दिलं, "या खेपेला भाकरी आमच्याकडून." तोवर माझा स्वयंपाक म्हणजे उकडलेली अंडी, आणि तीसुद्धा फुटायची.

"हे पीठच टाकून देतो," मी वैतागून म्हणालो. "गिरणी उघडली की ताजं आणतो."

डब्यात होतं ते आईने झटक्याच्या आदल्या दिवशी दळून आणलेलं.

"खबरदार," आई म्हणाली. "पीठ मेलं नाहीये. विरी गेलीय त्याची. धरवत नाही त्याला स्वतःला. पाणी उकळ, त्यात पीठ घाल आणि झाकण ठेव."

"आणि मी?"

"तू गप्प बस. तेवढं जमतं का बघ."

बसलो. पाच मिनिटं, पण मला वाटलं परळच्या गिरण्या बंद पडून पुन्हा सुरू झाल्या असाव्यात. झाकण उचललं तशी वाफ उठली आणि खोलीभर झाली. खिडकीसमोरचा चाळीस मजली टॉवर तिच्यात साखरेसारखा विरघळला. मग काकू विरघळल्या, खाट विरघळली. उरला नुसता ज्वारीचा गोड, ओला वास. लहानपणी याच ओट्याखाली मी झोपायचो. वर आईचे हात थप थप वाजायचे आणि अर्ध्या झोपेत मला खात्री वाटायची की देव चालतो तो याच आवाजात, अनवाणी, जरा घाईत, आमच्याच दाराकडे. त्या वाफेत तो आवाज पुन्हा आला. बऱ्याच वेळाने कळलं, माझेच हात थापत होते. भाकरी चंद्रासारखी पसरत होती, कुठेही चीर नाही.

रविवारच्या शाळेत देवाच्या कृपेवर मी जे ऐकलं ते सगळं डुलक्यांत वाहून गेलं होतं. ते मला त्या परातीत सापडलं. त्या पिठाने आपली विरी परत कमावली नव्हती. उकळतं पाणी त्याने मुकाट अंगावर घेतलं, एवढंच. हे मी आईला मोठ्याने सांगितलं, जरा प्रवचनाच्या थाटात. तिने आढ्याकडे बघतच फर्मावलं, "तवा तापलाय, भाकरी टाक."

भाकरी गेली, मोडली, वाटली. दुपारी पाळकसाहेब तिचा वाटा घेऊन आले, सोबत काकूही आत आल्या. मी दाराच्या चौकटीला असा धरून उभा, की बहुधा अख्खी चाळ त्या दिवशी माझ्याच आधाराने टिकली. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, तुकडा पुढे धरला. आईचं तोंड भिंतीकडेच होतं. मग ती हळूहळू वळली. चादरीतून डावा हात निघाला, उघडला. तुकडा तिने तोंडात ठेवला. डोळे मिटून इतका वेळ चावला की खालचा रस्तासुद्धा थांबला असावा.

मला राहवलं नाही. "आई, कशी झालीय?"

"कडा कच्च्या राहिल्यात."