आडवी ये की गं

"आडवी ये की गं!" चेंडू हातात आला की ती पहिल्यांदा हेच म्हणायची. समोरची मुलगी बाजूला सरकली तर हिचाच चेहरा पडायचा. वाट सोपी झाली की रागावणारी अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील.

आम्ही दोघी बेळगावात, वडगावच्या एकाच गल्लीत वाढलो. तिच्या घरी यंत्रमाग. मागांच्या खडखडाटात वाढल्यामुळं तिनं साधं पाणी मागितलं तरी अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं. उंची तर विचारूच नका. कुणाच्या घरचा बल्ब गेला की लोक स्टूल शोधण्याआधी तिला हाक मारायचे. त्या उंचीनंच तिला शाळेच्या बास्केटबॉल संघातून राज्याच्या संघात नेलं. आमचं काम एवढंच, चेंडू तिच्यापर्यंत पोचवायचा. पेपरात तिचा फोटो आला की तिचे आप्पा तो कापून मागाशेजारच्या भिंतीवर चिकटवायचे.

मग तिला ब्लड कॅन्सर झाला. उपचारांसाठी ती लांब गेली. परत आली तेव्हा डोक्याला रुमाल होता आणि अंगातल्या जुन्या जर्सीत आणखी एक माणूस मावलं असतं. तिला झोप लागावी म्हणून आप्पांनी दुपारचे माग बंद ठेवले. त्या शांततेतच तिला झोप येईना. "आप्पा, माग लाव की. घर मेल्यागत वाटतंय," ती म्हणायची. आप्पा डोळे पुसायचे आणि माग बंदच ठेवायचे.

बघायला येणारे शहाळी आणायचे, हळू आवाजात बोलायचे आणि लवकर उठायचे. कुणी तिच्याशी भांडेना, कुणी चेष्टा करेना, बल्ब बदलायलाही बोलवेना. भोवती इतकी प्रेमळ माणसं असून एवढं एकटं पडलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली तशी ती सकाळी मैदानावर यायला लागली. सरावाला मी तिच्यासमोर उभी राहायचे आणि ती जवळ आली की नकळत बाजूला व्हायचे. "तूबी?" एकदा ती म्हणाली, आणि चेंडू टाकून घरी गेली.

आणि मग बेळगावातच एक स्पर्धा आली. समोर खानापूरचा संघ होता. सामन्याआधी गल्लीतल्या बायका आरतीचं ताट घेऊन आल्या आणि त्यांनी तिला ओवाळलं. ते बघून खानापूरच्या मुलीही रांगेनं येऊन तिच्या पाया पडल्या. झालं! आता ज्या माणसाच्या पाया पडलो त्याला कोपर कसं मारायचं? ती चेंडू घेऊन निघाली की पालखी यावी तशा त्या बाजूला व्हायच्या. ती बास्केट करत होती, लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते आणि तिचा चेहरा बघवत नव्हता. मध्यंतरात ती माझ्याशेजारी येऊन बसली. "ह्यांच्या लेखी मी आजून आजारीच हाय गं," म्हणाली. इतक्या हळू ती आयुष्यात कधी बोलली नव्हती.

खानापूरच्या संघातली एक मुलगी बस चुकल्यामुळं उशिरा पोचली. तिनं ना ओवाळणं पाहिलेलं, ना ती पाया पडलेली. बुटाच्या नाड्या बांधून ती थेट मैदानात उतरली. आमची ही चेंडू घेऊन रिंगकडं निघाली, ती पोरगी अशी काही आडवी आली की दोघी जमिनीवर.

सगळं मैदान ओरडलं. आप्पा चपला सोडून आत धावले. कुणीतरी त्या पोरीच्या कानात आजारपणाचं सांगितलं असावं, कारण ती रडायलाच लागली. "आक्का, मला म्हाईत न्हवतं ओ!"

आणि ही, गुडघा फुटलेला, पडल्या पडल्या खदाखदा हसत होती. "रडतीस कशाला? आणि एकदा ये. लई ब्येस आलीस!"

ते ऐकून बाकीच्या मुलीही आडव्या यायला लागल्या, आणि त्यानंतर ती खरी खेळली. धापा टाकल्या, ढकलली गेली, तिचे नेम अडवले गेले, आणि आम्ही हरलो. पेपरात तिच्या पुनरागमनाची बातमी आली, पण फोटो मध्यंतराआधीचा होता. तिनं तो आप्पांना भिंतीवर लावू दिला नाही.

थोड्याच दिवसांत तिनं लांबच्या एका गावात खेळायची आणि शिकवायची नोकरी धरली. इथं काय कमी आहे, असं सगळ्यांनी विचारलं. खरं कारण तिनं मला सांगितलं. "तितं माझं आजारपण कुणाला म्हाईत न्हाय. तूबी सांगू नको."

तिला पोचवायला बसस्टँडवर आप्पा आणि मी गेलो. बॅग जड होती. मी हात पुढं केला आणि मागं घेतला. ती बसकडं निघाली तेव्हा मला काय सुचलं कोण जाणे, मी पुढं होऊन बसच्या दारात आडवी उभी राहिले. कंडक्टर कन्नडमधून ओरडायला लागला. तिनं बॅग छातीशी घट्ट धरली. मग खांदा खाली घेऊन तिनं असा धक्का दिला की मी दांडीवर आदळले, आणि ती बॅगसकट आत.

"जातो गं!" अख्ख्या स्टँडला ऐकू गेलं.

सुरुवातीला तिचे फोन यायचे. तिकडच्या पोरी लई दांडगट हैत, असं खुशीत सांगायची. पुढं फोन कमी झाले. आप्पांचे माग दुपारी पुन्हा चालू झालेत. माझा खांदा बरेच दिवस ठणकत होता. ज्या दिवशी तो दुखायचा थांबला, त्या दिवशी ती गाव सोडून गेल्याचं मला रडू आलं.