घरटी एक

वनिता गेल्याचं तिच्या भावाने फोनवर कळवलं तेव्हा मी दुकानात कुणाचं तरी आधार कार्ड स्कॅन करत होते. कावीळ झालीय हे ठाऊक होतं, पण पंचेचाळिशीची बाई, स्वतः नर्स, उठेल आठवड्याभरात असंच मी धरून चालले होते... दीड महिना झाला, तरी तिची एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

पनवेलला तहसील कचेरीजवळ माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. अकरा वर्षांपूर्वी नेऱ्याच्या बाजूच्या गावातली ही बाई नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म भरायला आली. आईच्या आजारपणात उमेदीची वर्षं गेलेली, वयाची मर्यादा संपत आलेली. मी भराभर भरत 'आपणास कोणत्या गुन्ह्यात शिक्षा झाली आहे काय?' इथवर आले. तिथे मी कुणाला विचारतच नाही, 'नाही' दाबून मोकळी होते. तर ही म्हणाली, "ताई, तिथं हो करा. झालीय." मी चाट! चोरी केलीस की डोकं फोडलंस कुणाचं, विचारलं तर हसायला लागली. खडीच्या डंपरांनी गावचा रस्ता उखडला म्हणून बायकांनी तो अडवला होता. गावकीचा हुकूम, घरटी एक बाई बसलीच पाहिजे. पोलिसांनी सगळ्यांना गाडीत घातलं, खटला झाला. वकील म्हणाला, कबूल करा, दंड भरा, भाताच्या लावणीच्या आधी सुटाल. आता गावकीत एकदा दंड भरला की ती गोष्ट पुन्हा कुणी काढायची नसते. कोर्टाचंही तसंच असेल असं समजून सगळ्याजणी गुन्हा कबूल करून घरी आल्या. कोर्ट असलं काही विसरत नाही, हे त्या बिचाऱ्यांना कोण सांगणार?

मी तिला परोपरीने समजावलं की बाई गं, 'नाही' लिही, हातचं वर्ष घालवू नकोस. ती म्हणे पोलिसांचा दाखला लागणारच, मग तोंडघशी कशाला पडू? शेवटी मुकाट 'हो' दाबलं. पुढे प्राचार्यांनी बोलावलं तेव्हा सोबत मीच गेले. वाटेत पढवून ठेवलं होतं की सांग, मी नुसती बघत उभी होते, मला उगाच धरलं. प्राचार्य बाई कडक. कागद चाळून म्हणाल्या, "प्रत्यक्षात तुम्ही काय केलं होतं?" वनिता जरा थांबली... "बसले होते," ती म्हणाली, "शेवटपर्यंत." मी कपाळाला हात लावला. बाईंनी 'कळवू' म्हणून कागद मिटले. पुढचे तीन आठवडे ही रोज दुकानात यायची आणि मी रोज तिच्यावर चिडायचे. मग यादीत नाव लागलं. शिकली, पनवेलमध्येच नर्स झाली, आणि फॉर्म भरायला येणाऱ्या पोरींना मी ऐकवत राहिले की बघा, खरं बोलणाऱ्याचं असं निभावतं.

गेल्या रविवारी तिच्या घरी गेले होते. हीच गोष्ट तिच्या वहिनीला कौतुकाने सांगितली. ती म्हणाली, "ती नाय बसलेली, ताई. आमच्या घरातनं मी बसलेली. सातवा महिना होता मला. गाडीत घालायला लागले तवा ही बायकांना पाणी द्यायला आली नि पोलिसाला बोलली, या घरातनं मी हाय, वयनीला सोडा."

म्हणजे मी शिकवलेलं खोटं, तेच खरं होतं! मला तर वनिताचा रागच आला. इतक्या वर्षांची ओळख, एका शब्दाने बोलू नये? वहिनी अंगणवाडीत कामाला, तिचं नाव निघालं असतं तर ते काम गेलं असतं. प्रवेश अडला तेव्हा प्राचार्यांना मी जाऊन खरं सांगते, असं ती वनिताला म्हणालीही होती. त्यावर वनिता म्हणाली होती, "घरातलं एक नाव गेलंय ना, मग दुसरं कशाला?" प्राचार्यांसमोर ती क्षणभर थांबली, तेव्हा तिच्या मनात नेमकं काय चाललं असेल... आता विचारायचं कुणाला?

निघाले तर अंगणात दोरीवर तिचा पांढरा गणवेश वाळत होता. नोकरी लागल्यापासून तो वहिनीच धुवायची, वनिताला हात लावू द्यायची नाही. आता कशाला धुतलात, मी विचारलं.

"रविवार हाय ना," ती म्हणाली, आणि ओल्या बाहीवरची सुरकुती हाताने सरळ करत राहिली.