बहिणीची हजेरी

माझी धाकटी बहीण लहानपणी तापात बहिरी झाली. समोरच्याच्या ओठांकडे पाहून तिला बोलणं कळायचं. स्वतः बोलायची ती जाड्याभरड्या, चढ्या आवाजात. नेरजवळच्या आमच्या वस्तीत त्याचं कोणाला काही वाटत नसे. नागपूरहून धम्म घेऊन आल्यापासून सगळी वस्ती रविवारी संध्याकाळी वंदनेला बसायची, आणि त्यात हिचा आवाज सगळ्यांच्या पुढे धावायचा. कोणी कधी हसलं नाही.

ती सातवी पास झाली, तेव्हा नेरच्या हायस्कुलात तिचं कसं जमेल याची आखणी आम्ही उन्हाळाभर केली. पुढच्या बाकावर बसायचं, म्हणजे मास्तरांचे ओठ दिसतील. शेजारी मामाची मुलगी बसेल आणि हजेरीत नंबर आला की कोपराने ढोसेल. जायला-यायला मी होतेच, मी तिथेच एक वर्ग पुढे होते. हेडमास्तरांनी मात्र अट घातली: वर्गात हिने तोंड उघडायचं नाही, मुलं हसतात. हजेरीला नुसता हात वर करायचा.

"वंदनेत चालते तिचा आवाज, शाळेत कायले नाही चालत?" माय घरी येऊन फणफणली. प्रवेश हातचा जाऊ नये म्हणून बाबांनी अट कबूल केली.

आता या शहाण्यांची करामत ऐका. हिचे वर्गशिक्षक हजेरी घेताना मान वर करतच नसत. 'हजर' ऐकू आलं तर हजर, नाही तर गैरहजर. ती हात वर करते आहे, असं मामेबहिणीने सांगितलं, तर मध्ये बोलली म्हणून तिलाच बाकावर उभं केलं. रोज त्यांच्या नाकासमोर बसून गणितं सोडवणारी मुलगी महिनाभर गैरहजर! आणि मग निरोप आला की सततच्या गैरहजेरीमुळे नाव कमी केलं आहे. आज लिहितानाही माझं डोकं सणकतं.

बाबा कापसाच्या जिनात कामाला होते. त्या दिवशी खाडा करून ते आम्हा दोघींना घेऊन हेडमास्तरांच्या खोलीत गेले. वर्गशिक्षकांनाही बोलावणं गेलं. ते म्हणाले, आवाजच आला नाही तर हजर कसं मांडणार, नियम आहे. हेडमास्तरांनी त्यांचीच री ओढली. तोंड बंद ठेवायला सांगणारे हेच, आणि आवाज आला नाही म्हणून नाव कापणारेही हेच!

बाबा बहिणीसमोर वाकले आणि सावकाश म्हणाले, "तुहा नंबर आला, बेटा. बोल."

"हजर!"

बाहेर पटांगणातली मुलं थबकली. वर्गशिक्षक दचकले, आणि पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"आलं ना ऐकू, सर?" बाबा म्हणाले. "मंग लिवा."

नाव परत चढलं. माफी कोणी मागितली नाही. मास्तर पुढेही मान खाली घालूनच हजेरी घेत राहिले. पण हिचा नंबर आला की पलीकडच्या वर्गात आम्हालाही कळायचं.