संक्रांतीपर्यंतचे फ्यूज

आमच्या गुटखाविरोधी पत्रकाचा मथळा माझाच होता : 'मन घट्ट करा!' ज्यांना जमत नाही ते कच्चे, असं मी अंबडच्या बाजारात घसा ताणून सांगायचे. आज त्या मथळ्याची लाज वाटते.

डिसेंबरात पत्रकं वाटत थोरल्या मावशीच्या गावी गेल्ते. विहिरीत पाणी, आणि मोसंबीची बाग मात्र सुकत चाललेली. पानं वळलेली, पिवळी, बुडाशी सडा. माझं डोकंच फिरलं.

"मावशी, पाणी असून झाडं मारून राह्यली?"

"ताण दिलाय, बाई. आता पाणी तोडलं तर झाड फुलतंय. मधीच पाजलं की नुसता पाला. मागल्या साली माझ्यानं राहवलं न्हाई, पाजलं. एक फळ न्हाई लागलं."

मला पटलं नाही. ती धार काढायला बसल्यावर मी गुपचूप मोटारीपाशी गेले, पेटी उघडली. आत फ्यूजच नाहीत!

मागून ती हसली. "मीच काढलेत. वडीगोद्रीला धाकटीकडं ठिवलेत. मागल्या साली मन फितूर झालं, औंदा बी होणार. त्याचा काय भरवसा?"

चार दिवसांनी झालंच. विहिरीजवळच्या झाडाचे शेंडे वाळलेले दिसले, आणि मावशी न जेवता एसटीत बसली. मीही सोबत. धाकट्या मावशीच्या दारात चप्पल काढायच्या आधीच म्हणाली,

"फ्यूज दे."

"संक्रांत झाली का?"

"झाडं मरून राह्यली गं!"

"तूच म्हणल्ती, संक्रांतीच्या आधी मी आले तर चहा पाज अन् हाकलून दे. चहा टाकते."

"थोरली हाये मी तुझी!"

"थोरलीनंच सांगितलंय, अक्का. मंग तिचं ऐकू का तुझं?"

मावशीनं चहा घेतला. परतीच्या एसटीत खिडकीकडं तोंड करून डोळे पुसत राहिली.

संक्रांत झाल्यावर फ्यूज आले. पहिलं पाणी हलकं, झाडाची जीभ ओली होईल एवढंच. मग काही दिवसांनी भरपूर. विहिरीजवळचं झाड गेलंच. ते लपवणार नाही. पण बाकीची बाग! फेब्रुवारीत गेले तर बांधावरच थबकले. उघड्या फांद्या पांढऱ्याशुभ्र झालेल्या, वासानं छाती भरून येत होती, मधमाशांचा आवाज अंगावर येत होता. आपण कधी ढिले पडू, काय बोलू, कुणाच्या दारात जाऊ, हे या बाईला महिनाभर आधी ठाऊक होतं. आणि मी तिला मन घट्ट करायला शिकवणार होते.

नव्या पत्रकावर आता मथळा नाही. एक ओळ आहे, पुढं जागा कोरी : 'मी मागितली तरी पुडी देऊ नका, असं मी ज्याला सांगितलंय तो माणूस...'

मावशीला दाखवलं. ती वाळलेल्या झाडाच्या फांद्या तोडत होती. म्हणाली, "बराबर हाये. फक्त चहाचं बी लिही. रिकाम्या हातानं परतायचं म्हणजे लई लांब पडतंय."