वेणूची शाळा बघायला: पुणे, मुंबई आणि माझी एक अट

आम्ही नाशिकचे तीर्थोपाध्ये. जग आमच्याकडे येतं, आम्ही कुठे जात नाही. माळव्यातून, वऱ्हाडातून, कोकणातून माणसं अस्थी घेऊन येतात, आमच्याकडे उतरतात, रामकुंडावर विधी करून जेवून परत जातात. त्यामुळे पन्नाशी आली तरी माझी मजल त्र्यंबकेश्वराच्या पलीकडे गेली नव्हती. असा माणूस यंदा ऐन पौषात पुणे-मुंबई करून आला, आणि तेही मुलीसाठी डॉक्टरीची शाळा बघायला. गावाने मला वेड्यात काढलं त्यात गावाची चूक नाही.

वेणू, माझी धाकटी, यंदा मॅट्रिकला बसणार. तिच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून नीट समजावलं. डॉक्टर व्हायचे रस्ते दोन. पुण्याच्या मेडिकल स्कूलमध्ये मॅट्रिकनंतर चार वर्षं काढली की दवाखाना घालता येतो. मुंबईला आधी दोन वर्षं सायन्स, मग कॉलेजात पाच वर्षं, पण हातात पदवी येते. "अर्ज कुठे करायचा ते बघून ठरवा, ऐकून नको," असं बाई म्हणाल्या. वेणूच्या आईने घरी एका वाक्यात निकाल दिला, "कुठेच नको."

माझं तसं नव्हतं. पोर हुशार आहे, घाटावर यात्रेकरूंच्या सुजलेल्या पायांकडे तासन्‌तास बघत बसते, हे मला दिसत होतं. मला खुपत होती ती वेगळीच गोष्ट. ज्यांना कुणी नसतं त्यांची प्रेतं ह्या शाळांत आणतात आणि मुलं त्यांच्यावर शिकतात, असं कळलं होतं. मेलेल्या माणसाला नीट मार्गी लावणं हा आमचा पिढीजात धंदा. म्हणून मी वेणूला अट घातली: जिथे त्या प्रेतांना शेवटी मंत्राग्नी, निदान कुणाची ओंजळभर पाण्याची तिलांजली मिळते, तिथेच अर्ज करायचा. नसेल मिळत तर डॉक्टरीचं नाव काढायचं नाही.

वेणू म्हणाली, "कबूल, अण्णा." तिची आई मात्र खूश झाली. अशी शाळा भूतलावर नसणार याची तिला खात्री होती.

पुण्याला आम्ही मोटारीने गेलो. ज्यांना जायचंय त्यांनी पहाटेचीच मोटार धरावी आणि पुढच्या बाकावर बसावं, मागे बसणाऱ्याची पाठ परत मिळत नाही. सिन्नरपर्यंत रस्ता बरा, पुढे धूळच धूळ. माझं पांढरं उपरणं संगमनेरला पोचेपर्यंत संन्याशाचं झालं होतं. खाण्याचं आम्ही घरूनच घेतलं होतं: दुधात भिजवलेल्या दशम्या, त्या प्रवासात सोवळ्या माणसालाही चालतात, आणि लसणाशिवायची चटणी. संगमनेरला मोटार अर्धा तास थांबते. प्रवरेवर हातपाय धुवून तिथेच खाऊन घ्यावं, पुढे चंदनापुरीच्या घाटात पोटात काही राहील याचा भरवसा नाही.

सिन्नरला एक शेतकरीण चढली होती. तिची कोंबडी आमच्या बाकाखाली, म्हणजे माझ्या सोवळ्याचा तिथेच निकाल लागला. तिने वेणूला विचारलं, "कुठं चालली गं पोरी?"

"डॉक्टरीची शाळा बघायला."

"कुनाच्या पोरासाठी?"

"माझ्यासाठीच."

बाईने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "लय ब्येस केलं, म्हाराज. आमच्या गावात बाईमानसाला बगाया कोन बी नाय. पुरुष डाक्टर हाय तालुक्याला, पन त्याला सांगावं कसं?" मी 'अजून ठरलं नाही' म्हणणार होतो, पण मान डोलावून बसलो. उतरताना तिने वेणूच्या ओटीत मूठभर हरभरा टाकला.

पुण्यात आमचे यजमान वकील आहेत. त्यांच्या घराण्याचे चार पिढ्यांचे विधी आमच्याच घरातून झाले. आमच्याकडे उतरणारी माणसं आपल्याला उतरवून घेताना कशी गोंधळतात ते पाहण्यासारखं असतं. वकीलसाहेबांना मला पाट कुठे मांडावा ते समजेना, मला पाहुणा म्हणून कसं बसावं ते समजेना. त्यांच्या पुतण्याला मेडिकल स्कूलचं तिसरं वर्ष. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच आम्हाला तिथे घेऊन गेला.

शाळा छान आहे. मुलींची संख्या थोडी, पण त्यांच्याकडे कुणी टवाळीने बघत नव्हतं. वर्ग उजेडाचे, शेजारीच इस्पितळ. तिथे एक शिकाऊ मुलगी म्हातारीच्या पाठीला नळी लावून ऐकत होती, आणि म्हातारी तिला सून नांदत नसल्याची तक्रार सांगत होती. मला ते फार आवडलं. पुणं नाशिकपासून एका दिवसाच्या वाटेवर, वकिलांचं घर हाकेच्या अंतरावर, चार वर्षांत मुलगी परत. मी मनातल्या मनात अर्ज भरून टाकला.

मग आम्ही डिसेक्शन हॉलमध्ये गेलो. प्रेतं टिकवायच्या औषधाचा वास डोळ्यांत जातो, नाकाला पदर लावून काही उपयोग होत नाही. दगडी टेबलावर एक माणूस निजला होता. चाळिशीचा असेल. हातावर गोंदलेला मारुती होता. मी टेबलाशी उभा राहिलो आणि तीस वर्षांच्या सवयीने माझ्या तोंडून गेलं, "नाव काय यांचं? गोत्र?"

पोरं खो खो हसली. हसण्यासारखंच होतं ते. एकजण म्हणाला, "भटजी, इथे नंबर असतो." मी त्याला सांगितलं की गोत्र ठाऊक नसलं तर काश्यप म्हणतात, त्यात अडत काहीच नाही. मग जे विचारायला आलो होतो ते विचारलं. पुतण्याने जरा चाचरत सांगितलं की काम झालं की नेऊन पुरतात, मंत्र वगैरे कोण म्हणणार.

वेणूचे कान लाल झाले होते. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "अण्णा, सगळे हसले." एवढंच. घरी पोचलो तर वकिलीणबाईंनी न सांगता मागच्या दारी दोन घंगाळं कढत पाणी काढून ठेवलं होतं. पौषातल्या पुण्यात अंगावरच्या कपड्यांनिशी स्नान करण्याचा योग कुणावर आलाच, तर असं शहाणं माणूस घरात असावं.

पुण्याहून मुंबईला आगगाडीने गेलो. डावीकडची खिडकी धरा, खंडाळ्याला सगळी दरी त्या बाजूला उघडते. मी सारखा 'ते बघ, हे बघ' करत होतो. वेणू बघत होती, हो म्हणत होती, पण मन तिथे नव्हतं. कर्जत आलं तेव्हा तिने पिशवीतून मॅट्रिकचं गणिताचं पुस्तक काढलं आणि उदाहरणं सोडवायला लागली. अर्धी वाट तिची बंद झाली होती, उरलेली अर्धी मुंबईत बंद होणार हे तिला दिसत होतं, आणि पोर गणितं सोडवत होती.

मी तिथेच ठरवलं, मुंबईत तोंड उघडायचं नाही. विचारलंच नाही तर उत्तर मिळणार नाही, आणि उत्तर मिळालं नाही तर अट मोडत नाही. आम्ही शास्त्राच्या पळवाटा काढून यजमानांना सोडवतो, एखादी पोटच्या पोरीसाठी काढली तर कुणाचं काय बिघडलं?

मुंबईत वकिलांचे मेहुणे गिरगावात राहतात. ते स्वतः डॉक्टर आणि कॉलेजात शिकवतात. त्यांच्या घरासमोरच्या खानावळीत ताकभात उत्तम मिळतो, भाज्यांना मात्र गूळ टाकतात, सावध असावं. डॉक्टरांनी सबंध सकाळ आमच्यासाठी काढली. कॉलेज केवढं मोठं! ग्रंथालयातल्या शिड्या पाहून वेणूने प्रथमच हसून माझ्याकडे पाहिलं. बायकांच्या वॉर्डात एक डॉक्टरीणबाई हुकूम सोडत होती आणि दोन पुरुष डॉक्टर 'हो बाई' करत होते. असं दृश्य मी घराबाहेर कधी पाहिलं नव्हतं.

शेवटी हॉल. मी छताची उंची वाखाणली, खिडक्या वाखाणल्या, टेबलांकडे पाठ करून उभा राहिलो. निघालो, दारापर्यंत पोचलो, सुटलो असं वाटलं, तेवढ्यात मागून वेणूचा आवाज आला.

"डॉक्टर, काम झाल्यावर ह्यांचं काय करतात? कुणी पाणी देतं का?"

ह्याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण! डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "खरं सांगू, बाळ? मला माहीत नाही. गाडी येते आणि नेते. इतकी वर्षं शिकवतोय, पण कधी विचारलं नाही."

"बरं," वेणू म्हणाली, आणि टेबलावरच्या म्हातारीच्या तोंडावरून सरकलेलं फडकं तिने सारखं केलं.

परतीची गाडी बोरीबंदरहून दुपारी सुटते. इगतपुरीला विजेचं इंजिन काढून कोळशाचं लावतात, त्यात बराच वेळ जातो. तिथे मी विचारलं.

"मी गप्प होतो ना? मग तू कशाला विचारलंस?"

"तुम्ही गप्प होतात म्हणून. अट मी कबूल केली होती, अण्णा. डोळे मिटून ती पाळल्याचं सोंग मला नाही जमायचं."

"आता डॉक्टरी गेली, कळतंय ना?"

"कळतंय. पण पुण्यात मी हसणाऱ्यांत उभी होते. त्याची मला लाज वाटली. तुमचा प्रश्न बरोबर होता. मला स्वतःलाच जाणून घ्यायचं होतं."

माझ्या पोरीचा मला त्या घडीला जेवढा अभिमान वाटला तेवढा कधीच वाटला नव्हता, आणि स्वतःचा तेवढाच राग आला. तर्पण संपवताना आम्ही एक ओंजळ, ज्यांना कुणीच नाही त्यांच्यासाठी सोडतो. मी ती तीस वर्षं रोज सोडत आलो, बहुधा घाईने, कारण पुढचा यजमान खोळंबलेला असतो. आणि मी निघालो होतो ते काम डॉक्टरांकडून करून घ्यायला!

"वेणू," मी म्हटलं, "अट बरोबर होती, पण दार चुकलं. ते काम शाळेचं नाही, आपल्या घरचं आहे. तू ज्यांच्यावर शिकशील त्यांचं काम संपलं की मला कार्ड टाक. नाव नसलं तरी चालेल. पाणी सोडायचं मी बघतो."

तिने मान खिडकीकडे वळवली. नवीन इंजिनाचा धक्का बसला आणि गाडी हलली. घोटी मागे पडल्यावर मी विचारलं, "मग? पुणं की मुंबई?" मला पुणं हवं होतं, ते मी चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. दिलं असेन, पण ती बधली नाही.

"मुंबई. चार वर्षांत जेवढं कळेल तेवढ्यावर कुणाच्या अंगाला हात लावायला मला भीती वाटेल."

नाशिकरोडला टांगेवाला आठ आणे सांगतो, सहाला येतो. आमचा ओळखीचा होता, त्याने विचारलं, "काय गुरुजी, जमलं का बेटीचं?" सोयरीक बघायला गेलो होतो असा त्याचा समज. मी म्हटलं, "जमलं. मुंबईला दिली." घरापर्यंत वेणू पदरात तोंड लपवून हसत होती.

ह्या प्रवासाने मला काय दिलं असं कुणी विचारलं तर सांगेन: मुलीला शाळा दाखवायला जरूर न्या, आपली पोर कोण आहे ते कळतं. आणि ती शेवटची ओंजळ आता मी सावकाश सोडतो, खोळंबलेल्यांना खोळंबू देतो. हातावरचा मारुती डोळ्यांसमोर येतो.

राहता राहिली वेणूची आई. आल्या आल्या मी तिला सगळं एका दमात सांगितलं. मुंबई सांगितली, सात वर्षं सांगितली, कार्डांचं सांगितलं, आणि आता भांड्यांचा आवाज सुरू होणार म्हणून थांबलो. ती चुलीपाशी बसली होती, तिने लाकूड आत सारलं. डोळे पुसले, ते धुराने की कशाने ते मी विचारलं नाही. मग उठली, फडताळातला डबा काढून उघडून पाहिला आणि म्हणाली, "सात वर्षं म्हणजे काळे तीळ बरेच लागतील. उद्या बाजारात गेलात की पायलीभर आणा."