केसाचं तेल खाणारी पावडर

थेंब पडला अन् केसावरून गडगडत खाली गेला. अळूच्या पानावरून जावा तसा. दुसरा टाकला. तोबी गेला. 

वारंगा फाट्याच्या केसाच्या शेडमधली गोष्ट हाय. तवा गावोगावच्या बाया विंचरलेले केस साठवायच्या अन् फेरीवाल्याला देऊन भांडं घ्यायच्या. ते केस आमच्या शेडमधी यायचे. आमी गुंता सोडवायचो, धुवायचो, रंगवायचो. पुढं त्याचे डोक्याला घालायचे टोप व्हायचे. मी सातवी शिकलेली, माझी लेक बारकी सहा महिन्याची. तिची झोळी तिथं खांबाला बांधू द्यायचे. दुसरीकडं कोण लेकरू आणू देतंय? ते काम गेलं असतं तर मी घरीच बसले असते.

आता पावडरीचं सांगते. डोक्याला लावलेलं तेल साबणानं निघतं. पण केसाच्या अंगालाच एक तेलकट थर चिकटलेला असतो, फॅटी ॲसिडचा. तो असला की केस पाणी पीत न्हाई अन् रंग चट्ट्याचट्ट्यानं बसतो. तर आमचे रंगाचे मास्तर रहीमभाई एन्झाईमची पावडर घेऊन आले. ती तेवढा थर खाती.

"कोमट पाणी, अर्धा घंटा," ते म्हणले. "मग थेंब टाकून बघ. केसानं थेंब पिला की झालं. जास्त ठेवला तर केस खरबरीत होतो. अर्धं पाकीट वापर. उद्या माल गाडीत जायचा हाय."

पाणी तापवायला कौसामावशी होती. तिनं बराबर कोमट करून दिलं अन् रडणारी बारकी उचलून बाहेर गेली. मी मनात म्हणलं, बाप्याला काय कळतं? तेलाची कढई कधी कोमट पाण्यानं निघती व्हय? ते कोमट बाजूला सारलं, चुलीवरचं उकळतं पाणी केसाच्या टबात ओतलं अन् वरून अर्धं पाकीट पावडर टाकली.

म्हणून ते थेंब गडगडले.

तेवढ्यात रहीमभाई आले, मागून बारकीला घेऊन मावशीबी. दोघांनी गडगडता थेंब बघितला. रहीमभाईनं टबाला हात लावला अन् झटकन मागं घेतला.

"ये पानी किसने दिया?"

"म्या," कौसामावशी म्हणली. "कोमटच दिलं. तुमचीच पावडर भेसळीची आसंल!"

"हात भाजला माझा! म्हातारी झालीस तू. उद्यापासून येऊ नको."

 मावशीच्या कडेवर माझी बारकी तिच्या गळ्यातले मणी ओढून राहिली होती.  बोलले तर झोळी गेली. न्हाई बोलले तर मावशी गेली. अन् कसं कोण जाणे, एका दमात तोंडातून निघून गेलं, "मी ओतलं मास्तर, उकळतं मीच ओतलं, तिचं काय न्हाई त्यात!"

"काहून?"

"तेल निघावं म्हणून."

त्यांनी भाजलेला हात गार पाण्यात बुडवला. "घरी दही लावतीस ना? उकळत्या दुधात इरजण टाकतीस का?"

"न्हाई."

"काहून न्हाई?"

"इरजण मरतंय."

"मग हे काय केलंस, माझे आई!"

कौसामावशी फिस्सकन हसली. मला मात्र रडू फुटलं.

केस गार पाण्यातून काढले. राहिलेली अर्धी पावडर मास्तरांनी मलाच दिली. बारकीला न्हाऊ घालताना बघते तसं कोपर बुडवून पाणी बघितलं. अर्धा घंटा जागची हालले न्हाई. मग थेंब टाकला. जरा थांबला, पसरला, अन् केसानं पिऊन टाकला. रंग एकसारखा बसला. माल गेला.

मावशी दुसऱ्या दिवशी कामावर आली. मीबी आले, पण महिनाभर मला पाण्याजवळ फिरकू दिलं न्हाई. गुंताच सोडवत बसले. ती शेड आता न्हाई. ओल्या केसाचा अन् खोबरेल तेलाचा तो वास मात्र कधीमधी आठवतो, अन् जीव हुरहुरतो.

मला एवढंच कळलं, की काम नवं असलं तर आधी विचारावं. आपल्याला येतंय असं वाटलं तर दोनदा विचारावं.